काचघर

सूचनाफलकावर एकपात्री प्रयोगांच्या स्पर्धेची सूचना लागली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. फलकापुढे उभं राहून सावकाश सूचना वाचणाऱ्या मुली वेगळ्या. मला सव्वाचारची एस. टी. गाठायची असते. त्या दिवशी ती सुटली म्हणून मी फाटकातूनच कंडक्टरला हाक मारली. आमचं घर वहाळापलीकडे. लहानपणापासून अलीकडच्या माणसांना हाका मारून माझा आवाज असा झाला आहे की गाडी थांबली, कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं, आणि मागून इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, "अगं, तू कुठल्या वर्गात? उद्या मला येऊन भेट."

अशी माझी निवड झाली. अभिनय बघून नव्हे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या हातात सोळा पानं ठेवली. त्यांनीच लिहिलेली. एक स्त्री, एक प्रवेश, वीस मिनिटं, नाव ‘काचघर’. पहिल्या पानावर पात्राचं नाव होतं, ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. फोटो काढणाऱ्या बाईचं आडनाव कॅमेरॉन, म्हणजे बाईंनी गंमत केली असणार असं मला वाटलं. पण आडनाव खरंच नवऱ्याचं होतं, आणि कॅमेरा तिच्या हाती आला तो लग्नानंतर पंचवीस वर्षांनी.

गाडीत पानं वाचत घरी गेले. ही विलायतेतली बाई मुळात जन्मली होती कलकत्त्यात, ११ जून १८१५ ला. वडील कंपनी सरकारच्या नोकरीत, आई फ्रेंच घराण्यातली. १८३८ मध्ये कलकत्त्यातच तिचं लग्न चार्ल्स हे कॅमेरॉन या कायदेपंडिताशी झालं. ते तिच्याहून वीस वर्षांनी मोठे. २०२४ पर्यंत आपल्याकडे चाललेल्या भारतीय दंडविधानाचा पहिला मसुदा मेकॉलेच्या ज्या आयोगानं केला, त्यात ते सभासद होते. १८४८ मध्ये कुटुंब इंग्लंडला परतलं आणि १८६० पासून आइल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटर नावाच्या गावी राहू लागलं. शेजारी कवी टेनिसन. घराला नाव दिलं डिंबोला, सिलोनमधल्या त्यांच्या मळ्यावरून. सिलोन म्हणजे आताची श्रीलंका. तिथे त्यांचे कॉफीचे मळे होते.

१८६३ च्या डिसेंबरात नवरा मळे बघायला सिलोनला गेलेला, मुलं मोठी झालेली. तेव्हा मुलीनं आणि जावयानं तिला नाताळची भेट म्हणून एक कॅमेरा दिला. एकटेपणात आईची करमणूक व्हावी, एवढाच त्यांचा हेतू. ज्युलियाबाईंचं वय त्या वेळी अठ्ठेचाळीस. आमच्या वाडीत अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाई सुनेच्या हातचा चहा पिते आणि गुडघे चोळते. माझी आई बेचाळीस वर्षांची आहे आणि आतापासूनच "आता काय रवला" म्हणते.

कॅमेरा घरात आला तेव्हा तिला त्यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. काळोखी खोली हवी, म्हणून तिनं कोळशाची कोठी रिकामी केली. उजेडाची खोली हवी, म्हणून कोंबड्यांचं खुराडं घेतलं आणि त्याला काचा बसवल्या. हेच ते काचघर. कोंबड्या सोडून दिल्या. त्या कुणी खाल्ल्या नसाव्यात अशी आशा तिनं पुढे १८७४ मध्ये लिहायला घेतलेल्या आठवणींत व्यक्त केली आहे. (त्या आठवणी अपुऱ्याच राहिल्या, तिच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या.) या वाक्याला प्रयोगात हमखास हशा येई. कोकणात कोंबड्या सोडून दिल्या यावर कोण विश्वास ठेवणार!

पहिला फोटो तिनं फ्रेशवॉटरच्या एका शेतकऱ्याचा काढायला घेतला. त्याला तासाचा अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग, मोबदला ठरला होता. एवढं करून फोटो निघाला, आणि आनंदाच्या भरात काचेच्या ज्या बाजूवर चित्र होतं त्याच बाजूवरून तिनं हात फिरवला. सगळं पुसलं. नंतर दोन मुलांना बसवलं, तर ऐन वेळी एक मूल खुदकन हसलं आणि काच फुकट गेली. मग एकट्या ॲनी फिलपॉट नावाच्या मुलीला बसवलं, तिची विनवणी केली, आणि जानेवारी १८६४ मध्ये तो फोटो साधला. ज्युलियाबाई घरभर धावत सुटल्या. या पोरीला काय देऊ आणि काय नको असं त्यांना झालं. फोटोखाली त्यांनी लिहून ठेवलं की हे माझं पहिलं यश. मला नाटकातला हा भाग सगळ्यांत सोपा गेला. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मी वहाळातून चपलांसकट धावत आले होते, तेच धावणं मी रंगमंचावर धावले.

अवघड गेले ते हात.

त्या काळचा फोटो म्हणजे केवढी यातायात! काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, काच तिरकी करत करत ते चारी कोपऱ्यांना सारखं पसरवायचं, मग ती काच काळोखात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, ओली असतानाच काळोख्या खोलीत परत न्यायची. वाळली की संपलं. तिच्या फोटोसाठी माणसाला तीन ते सात मिनिटं हालचाल न करता बसावं लागे. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब कातडीवर पडला की डाग काळा पडतो आणि साबणानं जात नाही. घरातली मेजावरची कापडं डागांनी खराब झाली. ज्युलियाबाईंच्या हातांचं तर विचारायलाच नको.

बाई म्हणाल्या, "तुझ्या हातांना काजळ लावू." मी म्हटलं, "नको, मला येतं."

माझी आई काजूच्या कारखान्यात जाते. उकडलेली काजूबी मशीनवर कापली की टरफलातलं तेल उडतं. ते बोटांना लागतं, कातडी भाजल्यासारखी होते आणि मग काळी पडते. हातमोजे असतात, पण मोजे घातले की हात चालत नाही आणि हिशेब किलोवर असतो, म्हणून बायका राख लावून तशाच बसतात. त्यामुळे काळे हात कसे वागतात हे मला ठाऊक आहे. ते कुणासमोर पूर्ण उघडत नाहीत. ते पदराखाली जातात. दुकानात पैसे देताना मूठ आधी पालथी होते आणि मग उघडते. पाहुणे आले की चहाचा कप देऊन लगेच मागे होतात. मी तालमीत तसेच हात केले. बाईंनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "फार खरं आहे, पण ही ज्युलिया नव्हे."

मग त्यांनी मला गॅरिबाल्डीची गोष्ट सांगितली. १८६४ च्या एप्रिलमध्ये इटलीचा तो वीरपुरुष टेनिसनकडे फ्रेशवॉटरला आला होता. ज्युलियाबाई तशाच काळ्या हातांनी धावत गेल्या आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून फोटोसाठी बसा म्हणू लागल्या. त्याला वाटलं ही कुणी भिकारीण असावी. तेव्हा त्यांनी हात वर करून सांगितलं की हा मळ नव्हे, ही कला आहे. गोष्ट सांगोवांगीची असेल, पण अशी गोष्ट कुणाविषयी सांगितली जाते यालाही अर्थ आहे.

मी रात्री ती आईला सांगितली. ती भाकरी थापत होती. ऐकून म्हणाली, "तिका तसा सांगूक गावला. आमी कोणाक सांगतलंव?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. पण हात उघडायला मी शिकले. घरी आरशासमोर दहा-दहा वेळा हात वर करायची. पंधरा दिवसांनी ते पदराकडे जायचे थांबले.

बाकीचा भाग हळूहळू बसत गेला. जॉन हर्शेल या थोर शास्त्रज्ञाला १८६७ मध्ये तिनं म्हणे केस धुवायला लावले, ते विस्कटले, आणि त्या पांढऱ्या विस्कटलेल्या केसांसकट फोटो काढला. आकाशातले तारे मोजणारा माणूस या बाईपुढे न्हाऊन बसला, हे मला फार आवडायचं. १८६८ च्या उन्हाळ्यात डार्विन फ्रेशवॉटरला राहायला आला, तेव्हा त्याचा काढला. आपल्या सगळ्या फोटोंत हाच मला जास्त आवडतो, असा अभिप्राय त्यानं दिला. शास्त्राच्या मुलांना डार्विनचं नाव आलं की बरं वाटे.

तिचे फोटो धूसर असत. लंडनच्या फोटोग्राफी सोसायटीतली तंत्रज्ञ मंडळी यावर तुटून पडली. बाईंना भिंग जुळवता येत नाही, काचेवर बोटांचे ठसे, रेषा, डाग. तिचं म्हणणं असं की भिंग फिरवता फिरवता जिथे मला सुंदर दिसलं तिथे मी थांबले. भिंगाची योग्य जागा कोणती हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, असा प्रश्नच तिनं हर्शेलना पत्रातून केला होता. १८६५ मध्ये साफो या ग्रीक कवयित्रीच्या रूपातला एक फोटो तिनं काढला, त्याची काच तडकली. तरीही तिनं त्या तडकलेल्या काचेवरून प्रती छापल्या. बर्लिनला तिला १८६६ मध्ये सुवर्णपदक मिळालं ते याच धूसर फोटोंसाठी.

या साफोच्या जागी बसली होती घरातली मोलकरीण. तिचं नाव मेरी हिलियर.

आता इथे मला थोडं थांबायला हवं, कारण आमचं भांडण या मेरीवरून झालं.

बाईंच्या नाटकात मेरी होती, पण ती दिसत नव्हती. एकपात्रीच ते. ज्युलिया तिला हाका मारी: मेरी, पाणी आण. मेरी, पडदा ओढ. मेरी, हालू नकोस. मी एका रात्री मोजलं, सोळा पानांत ‘मेरी, पाणी आण’ सहा वेळा होतं. आणि ते खोटं नव्हतं. काच धुवायला पाणी, छापलेला कागद पुन्हा पुन्हा धुवायला पाणी, आणि ते विहिरीचं. फोटोच्या कलेविषयी सगळे बोलतात, पाण्याविषयी मला तरी बाईंच्या सोळा पानांतच वाचायला मिळालं.

सहाव्या हाकेला मेरी उलट उत्तर देते असं बाईंनी योजलं होतं. मीच आवाज बदलून ते म्हणायचं. बाई म्हणाल्या, "मेरी गावची पोर. तिला मालवणीत बोलू दे. तुझ्या तोंडी किती छान बसेल!" मलाही ते पटलं. वाक्य काय घ्यावं, तर मी आईचं घेतलं. उन्हाळ्यात विहीर खाली गेली आणि बाबा आंघोळीला दुसरी बादली मागू लागले की आई म्हणते, "पाणी काय चलान येता काय घराक?" तालमीत मी कमरेवर हात ठेवून हे वाक्य टाकलं आणि अख्खी खोली हसली. पडद्याची दोरी धरणारा मुलगा तर खाली बसला. मला आयुष्यात पहिल्यांदा असा हशा मिळाला होता. खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला त्या हशानं झोप आली नाही.

पुढच्या आठवड्यात घरी नळ आला नाही. आई कारखान्यातून येऊन दोन हंडे घेऊन विहिरीवर गेली, परत आली, आणि मी पाय धुवायला कळशी ओतून घेतली म्हणून मला म्हणाली, "पाणी काय चलान येता काय घराक?"

आणि मला हसू आलं. आपोआप. खोलीतले सगळे माझ्यामागे उभे राहून हसताहेत असं वाटलं आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. आई हंडा उतरवता उतरवता थांबली. "कित्याक हसतंस?" मी काही नाही म्हटलं. काय सांगणार होते? तुझं वाक्य मी नेलं, ते तिथे विनोदी ठरलं, आणि आता ते मला विनोदीच ऐकू येतं?

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हटलं, मेरी मालवणीत बोलणार नाही.

बाई रागावल्या नाहीत, पण त्यांना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "तुला आपल्या बोलीची लाज वाटते? अगं, ‘वस्त्रहरण’नं मालवणी साता समुद्रापार नेली. लंडनला प्रयोग झाला त्याचा. लोक हसले म्हणजे कमी लेखलं असं नसतं." हे खरंच होतं. आमच्या घरी ‘वस्त्रहरण’ लागलं की बाबा पोट धरून हसतात, आणि ते काही स्वतःला कमी लेखत नाहीत. मला नीट मांडता येईना. शेवटी एवढंच सुचलं की त्या नाटकात सगळा गाव मालवणी बोलतो, म्हणून हसू सगळ्या गावाचं असतं. आपल्या नाटकात मालकीण पुस्तकी मराठी बोलते आणि एकटी मोलकरीण मालवणी. मग हसू कुणावर पडतं?

बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. मग मेरीचं काय करायचं? तिला पुस्तकी मराठीत बोलायला लावायचं?" मी म्हटलं, "नाही, तेही नको. ती बसेल."

हे मला आधी सुचलेलं नव्हतं, बोलता बोलताच आलं. पण एकदा आलं ते गेलं नाही. ज्युलिया सगळी तयारी करते, काच कॅमेऱ्यात घालते, ‘हालू नकोस’ म्हणते, आणि मग मीच कॅमेऱ्यामागून निघून समोरच्या स्टुलावर मेरी होऊन बसायचं. काही बोलायचं नाही. जितका वेळ बसवेल तितका वेळ.

बाईंना शेवट दुसऱ्याच मेरीवर करायचा होता. तीही खरी होती आणि तिची गोष्ट तर परीकथेसारखी आहे. मेरी रायन ही एका आयरिश भिकारणीची मुलगी. ज्युलियाबाईंनी तिला घरी आणलं, आपल्या मुलांबरोबर शिकवलं, घरकामाला लावलं, फोटोंत बसवलं. १८६५ च्या लंडनमधल्या प्रदर्शनात हेन्री कॉटन नावाच्या तरुणानं तिला पाहिलं आणि १८६७ मध्ये तिच्याशी लग्न केलं. तोच बंगालच्या मुलकी सेवेत आला, आणि पुढे सर हेन्री कॉटन म्हणून १९०४ च्या मुंबई काँग्रेसचा अध्यक्ष झाला. भिकारणीच्या मुलीचा नवरा आपल्या काँग्रेसचा अध्यक्ष! बाईंनी हा शेवट फार हौसेनं लिहिला होता आणि टाळ्यांची जागा म्हणून तो उत्तमच होता. मला मात्र तिथे बोलताना पोटात ओढल्यासारखं व्हायचं. कुणाच्या नजरेस पडली म्हणून सुटली, ही गोष्ट ऐकताना गोड लागते. पण नजरेस न पडलेल्या साऱ्याजणी तिथेच असतात. मेरी हिलियर तिथेच राहिली. तिनं चित्रकार वॉट्स यांच्या माळ्याशी लग्न केलं आणि १९३६ मध्ये नव्वदीच्या घरात वारली. कितीदा तरी कुमारी मातेच्या रूपात बसली म्हणून गावात तिला ‘मेरी मॅडोना’च म्हणत. पाणी भरून झालं की मॅडोना, फोटो झाला की पुन्हा पाणी.

वाद चार दिवस चालला. शेवटी कॉटनसाहेब चार वाक्यांत आटोपले आणि स्टूल राहिलं.

आता बसायचं कसं, हा प्रश्न. मला दीड मिनिटापुढे बसवेना. कान खाजे, मान आखडे. रविवारी दुपारी मी आईला म्हटलं, "तू बस, मला बघू दे." तिला वाटलं मला वेड लागलं. "काम नाय तुका?" पण बसली. खळ्यात, पाटावर, भिंतीला न टेकता. मी मोबाईलवरचं घड्याळ लावलं.

"हात खंय ठेवू?"

"ठेव कुठेही."

तिनं ते मांडीवर ठेवले, मग पदराखाली घेतले. पहिलं मिनिट ती इकडेतिकडे बघत होती. दुसऱ्या मिनिटाला कोंबडी आली, तिनं फक्त डोळ्यांनी तिला हाकललं. तिसऱ्या मिनिटापासून काहीतरी बदललं. खांदे खाली आले. तोंडाचा घट्टपणा गेला. चौथ्या मिनिटाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. रडणं नव्हे ते, डोळे उघडे ठेवून ठेवून आलेलं पाणी होतं. मेरी हिलियरचे बरेचसे फोटो पापण्या खाली घातलेले का, याचा मला तेव्हा अंदाज आला. भक्तिभाव असेलही, पण सात मिनिटं उजेडाकडे बघवत नाही हेही असेल. आतून पेज ऊतू जायचा वास आला. आई उठली नाही. माझ्या आठवणीत पेज ऊतू जात असताना माझी आई बसून राहिली असं कधी घडलेलं नाही. सात मिनिटं अठरा सेकंद झाली आणि मीच पुरे म्हटलं.

ती म्हणाली, "काढलंस?"

"काय?"

"फोटो."

मी फोटो काढलाच नव्हता. मला फक्त वेळ हवा होता. मोबाईल हातात होता, कॅमेरा त्यातच होता, आणि माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तसं मी सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले, म्हणाली, "मगे माका कित्याक बसयलंस?" आणि पेज बघायला आत गेली. रागानं नव्हे, साधंच. तिचा आमच्याकडे असलेला एकटीचा फोटो म्हणजे आधारकार्डावरचा, ज्यात ती तिची आई वाटते.

स्नेहसंमेलनात प्रयोग झाला. आई आली होती, कारखान्यातल्या दोघींना घेऊन, मागच्या दाराजवळच्या बाकावर. कोंबड्यांना हशा मिळाला, गॅरिबाल्डीला टाळी मिळाली. मग मी स्टुलावर बसले. अर्ध्या मिनिटातच मागून शिट्टी आली. कुणीतरी ओरडलं, "विसरली रे!" मला पुढचं दिसत नव्हतं, दिव्यांमुळे सभागृह म्हणजे नुसता काळोख. मी आईसारखे खांदे खाली सोडले. आणखी एक शिट्टी, मग कुणी तरी कुणाला तरी गप्प केलं, मग पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. किती वेळ बसले ते मला कळलं नाही. बाई विंगेत घड्याळ घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणतात तीन मिनिटं चाळीस सेकंद. म्हणजे ज्युलियाबाईंच्या हिशेबानं एक फोटो निघाला असता, कमी वेळाचा.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्हांला काही मिळालं नाही. परीक्षकांपैकी एकांनी नंतर समजावून सांगितलं की मध्यंतरी गती फार मंदावते, एकपात्रीत प्रेक्षकाला सोडायचं नसतं, आणि आवाज चांगला आहे तर तो वापरा. त्यांचं म्हणणं तंत्राच्या दृष्टीनं बरोबर असेल. गाडीत बाई म्हणाल्या, कॉटनसाहेब ठेवले असते तर तिसरा क्रमांक नक्की होता. मग स्वतःच हसल्या आणि मला शेंगदाण्यांचा पुडा दिला.

नाटकाच्या शेवटच्या पानावर १८७५ साल होतं. नवऱ्याला सिलोनची ओढ, पैसा कमी होत चाललेला, म्हणून ज्युलियाबाई साठाव्या वर्षी घर मोडून निघाल्या. बरोबर दोन शवपेट्या घेतल्या, तिकडे मिळतील न मिळतील म्हणून, आणि त्यांत चिनी मातीची भांडी भरून नेली. तिथेच २६ जानेवारी १८७९ रोजी त्या वारल्या. सिलोनमध्ये त्यांनी थोडेच फोटो काढले. त्यांतला एक बाईंनी मला दाखवला होता, १८७८ चा, कळुतराच्या शेतकऱ्यांचा. माणसं सरळ कॅमेऱ्याकडे बघतात. त्यांना कुणी देवीदेवता केलेलं नाही. फोटोखाली त्यांची नावंही नाहीत. ती काय मोबदला घेऊन बसली होती, की नुसतीच बसवली होती, याचा मी कितीतरी वेळ विचार करत होते. फ्रेशवॉटरच्या शेतकऱ्याला तासाचा अर्धा क्राउन होता एवढं मात्र पक्कं लक्षात राहिलं.

परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या रविवारी मी आईला पुन्हा खळ्यात बसवलं. या वेळी तिनं आधीच विचारलं, "काढतलंस मा?" हो म्हटलं. ती आत जाऊन लुगडं बदलून आली, केसांना तेल लावून आली. पाटावर बसली. हातांचं पुन्हा तेच झालं, मांडीवर, मग पदराखाली. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तिनं ते आपणच बाहेर काढले आणि गुडघ्यांवर पालथे ठेवले. मी बटण दाबणार इतक्यात कोंबडी चुलीकडे गेली आणि आई "शूऽऽ" करून अर्धी उठली. फोटो निघाला तो असा. चेहरा हललेला, एक हात हवेत, बोटं मात्र स्पष्ट.

तिनं तो मोबाईल लांब धरून बराच वेळ पाहिला. म्हणाली, "दुसरो काढ."

तेवढ्यात वहाळापलीकडून कुणीतरी हाक मारली, आणि ती बघायला गेली.